वेळ लागेल

जठारपेठेतल्या त्या घरात संध्याकाळी दिवेलागण झाली की इंग्रजी बोलण्याचा वर्ग भरायचा. अनुपमाबाई आधी तुळशीपाशी निरांजन ठेवायच्या, रामरक्षा म्हणायच्या, आणि मग पदराला हात पुसत फळ्यापुढे येऊन उभ्या राहायच्या. शाळेतून निवृत्त झाल्या तरी त्यांचा खडू काही सुटला नव्हता. व्याकरणाचं त्या फारसं नाव काढत नसत. जुळ्या बहिणींसारखी दिसणारी दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहायची आणि त्यांचे स्वभाव वेगळे कसे ते समजावून सांगायचं, अशी त्यांची रीत.

त्या दिवशी फळ्यावर होतं, ‘इट विल टेक टाइम’ आणि ‘इट्स ओन्ली अ मॅटर ऑफ टाइम’.

“पहिलं म्हणजे वेळ लागेल,” त्या त्यांच्या हळू आवाजात म्हणाल्या. “काम अवघड आहे, पण धीर धरा, होईल. दुसऱ्यात जे व्हायचं ते ठरून गेलेलं असतं. गॅसवर दूध ठेवलंय, खाली आच आहे. उतू जाईल की नाही हे विचारायचंच नाही. कधी, एवढंच उरतं.”

“मॅडम, मंग माह्या लग्नाचं यातलं कोनतं?” मागून गजेंद्रने विचारलं.

“त्याचं अजून दूधच ठेवलं नाही मॅडम गॅसवर,” स्वप्निल म्हणाला.

सगळा वर्ग खळखळून हसला. सगळ्यांत जास्त हसली ती दाराजवळ बसलेली करिश्मा. ओढणी तोंडात कोंबून हसायची ती.

करिश्मा या घरातलीच म्हणायची. चांदूर बाजारजवळच्या एका गावातल्या फुलशेती करणाऱ्या उत्तमरावांची ही मुलगी अकोल्याला कृषी विद्यापीठात शिकायला आली, आणि कुणाच्या तरी ओळखीने अनुपमाबाईंच्या मागच्या खोलीत राहू लागली. पहिल्याच सकाळी दप्तर खांद्याला लावून ती उंबऱ्यातून म्हणाली, “जातो मी, काकू.”

अनुपमाबाई गंध उगाळता उगाळता थांबल्या. “बाळा, घरातून निघताना जातो म्हणू नये. येते म्हणावं.”

“आली तं मी कालच. आता जाऊन राहिली.”

“तरी येते म्हणावं. म्हणजे माणूस परत येतं.”

पोरगी हुशार होती. दुसऱ्या दिवसापासून ‘येते काकू’ म्हणू लागली, आणि आतून ‘ये हो’ ऐकल्याशिवाय फाटकाबाहेर पाऊल टाकीनाशी झाली.

अनुपमाबाईंचं हे नुसतं वळण नव्हतं, व्रत होतं. त्यांचा अद्वैत लहान असताना तापाने अंथरुणाला खिळला होता. डॉक्टरांनी मान हलवली, शेजारणींनी डोळ्यांना पदर लावले, आणि अनुपमाबाईंनी देवासमोर पाणी सोडलं की आजपासून या तोंडातून अशुभ अक्षर निघणार नाही. अद्वैत उठला. आता तो चांगला बंगलोरला नोकरीवर आहे. तेव्हापासून त्यांच्या घरात तांदूळ संपत नसत, वाढत. बांगडी फुटत नसे, वाढवली जाई. दिवासुद्धा विझत नसे, शांत होई. कुणी गेल्याची बातमी आली तर त्या फक्त हात जोडत. बोललेलं घर ऐकतं आणि हो म्हणतं, हे त्यांना पुस्तकात वाचून कळलं नव्हतं. त्यांनी ते पोराच्या उशाशी बसून अनुभवलं होतं.

त्यांचे यजमान मोरोपंत जुने वकील. ते चिडवायचे. “आणि वर्गात पोरांना डेड, डेथ, फेल्युअर सगळं शिकवतेस ते? वास्तुपुरुषाला इंग्रजी येत नाही वाटतं?”

“नसेल येत,” अनुपमाबाई गंभीरपणे म्हणायच्या. “ती परक्याची भाषा. तिला दोष नाही.”

“म्हणजे पळवाट ठेवलीयेस व्रताला. बरी आहेस.”

करिश्माची आई माणिकबाई महिन्या-दोन महिन्यांनी यायची तेव्हा या व्रताची चांगलीच परीक्षा व्हायची. टोपलीत ओल्या फडक्याखाली शेवंती, दुर्वा, बेल असायचा, आणि तोंडात जे येईल ते. “बाई, यंदा मी मेली असती ना, तं तुमाले हे फुलं कोन आनून देल्ले असते?” असं म्हणत ती ओट्यावर बसायची.

“माणिकबाई! असं बोलू नये हो.”

“काहून? मरन मरन म्हनलं तं काय मरन दारात येऊन बसते? आमच्या वावरात सकायी तोडलेलं फूल सांजच्याले मरते. आमी त्याले मेलंच म्हनतो.” मग अनुपमाबाईंचा उतरलेला चेहरा पाहून ती त्यांचा हात धरायची. “नाही म्हनत, जा. तुमचं बोलनं म्हंजे दुधातला बत्तासा. हाय का नाही तेच समजत नाही, पन गोड लागते.”

माणिकबाई आली की अनुपमाबाईंच्या पूजेला त्या टोपलीतलं काही ना काही असायचंच, आणि श्रावणातला बेल तर तिचाच. देवाला फूल वाहताना त्यांना माणिकबाईचे खरबरीत हात आठवायचे. अशी मैत्रीण त्यांना शिकलेल्या बायकांत मिळाली नव्हती.

यंदा श्रावणात टोपली आली नाही. आधी कावीळ म्हणाले, मग गावठी औषध झालं, मग पोटात पाणी झालं. अमरावतीच्या एका मोठ्या खाजगी दवाखान्यात माणिकबाईला भरती केलं, आणि करिश्मा अभ्यास सोडून तिच्या उशाशी गेली. भाद्रपद लागल्यावर एक दिवस तिचा फोन आला.

“काकू, तुम्ही याल का? डॉक्टर बाबांशी बोलतच नाहीत. तुमच्यात शिकलेलं कोण आहे विचारतात. मी म्हणते मी शिकलेली आहे, तर म्हणतात तू लहान आहेस, मोठ्या माणसाला आण.”

दुसऱ्या दिवशी पहाटेची पूजा आटोपून अनुपमाबाई बसमध्ये बसल्या. मूर्तिजापूर, बडनेरा मागे पडलं. जप चालू होता, मणी सरकत होते, पण मन जागेवर नव्हतं.

उत्तमराव दवाखान्याच्या पायरीवरच बसलेले होते. पांढरा सदरा, टोपी हातात. “आल्या बाई? लय बरं केलं. ह्या लोकाईचं मले काई समजत नाही. माह्याकडे पाहून बोलतच नाहीत.”

करिश्मा तेवढ्यात चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानाकडे धावली होती. डॉक्टरांनी आत बोलावलं. डॉक्टर इकडचेच, नावागावाने ओळखीचे वाटावेत असे. पण अशा दवाखान्यांतून एक रीत पडून गेली आहे. जे घरच्यांना सहन व्हायचं नाही ते घरच्यांच्या देखत, त्यातल्या शिकलेल्या माणसाला इंग्रजीत सांगायचं. डॉक्टरांचं काम होतं, घरचे रडत नाहीत, आणि ओझं त्या एका माणसाच्या डोक्यावर जातं.

“यू आर द टीचर? गुड,” डॉक्टर म्हणाले. उत्तमराव बाजूच्या खुर्चीच्या कडेवर टेकून एकदा डॉक्टरांच्या, एकदा बाईंच्या ओठांकडे पाहत होते. डॉक्टर भराभर बोलले. यकृत, किडनी, औषधांना साथ नाही. मग कागदावरचं पेन बाजूला ठेवून जरा हळू म्हणाले, “इट्स ओन्ली अ मॅटर ऑफ टाइम, मॅडम. यू माइट वॉन्ट टू टेक हर होम.”

अनुपमाबाईंनी मान हलवली. ही दोन्ही वाक्यं त्यांच्या फळ्यावरची होती. ‘माइट वॉन्ट टू’ ऐकायला मऊ लागतं, जणू तुमच्या मर्जीवर सोडलंय, पण शहाण्या माणसाने ते आज्ञेसारखं घ्यावं, असं त्या दर वर्षी सांगत आल्या होत्या. घरी न्या, याचा अर्थ आज न्या.

“यांना तुम्ही समजावून सांगा,” डॉक्टर मराठीत म्हणाले आणि पुढच्या पेशंटसाठी घंटी वाजवली.

बाहेरच्या बाकावर उत्तमराव बसले नाहीत. समोर उभे राहिले. “काय म्हनते बाई डाक्टर?”

अनुपमाबाईंचं तोंड उघडलं. अद्वैतच्या कपाळावरची ओली पट्टी त्यांना दिसली. इतक्या वर्षांत एकदाही न मोडलेल्या व्रताचं ते पाणी दिसलं, तळहातावरून ताम्हनात पडलेलं. आपण म्हटलं आणि झालं तर? आपण म्हटलं म्हणूनच झालं तर?

“टाइम म्हनलं नं त्यायनं?” उत्तमराव स्वतःच चाचपत म्हणाले. “तेवढं समजलं मले. टाइम लागन म्हनते काय?”

माणूस बुडताना काठावरच्याने हात पुढे करावा तसा तो शब्द समोर आला, आणि बुडत होत्या त्या अनुपमाबाईच होत्या. त्यांनी तो धरला.

“हो,” त्या म्हणाल्या. “वेळ लागेल.”

“आन होम म्हनलं ते? घरी नेता येईन?”

“नेता येईल म्हणाले. घरी नेता येईल.”

उत्तमरावांनी टोपी डोक्यावर घातली. कितीतरी दिवसांनी घातली असावी. “मंग बाई, मी वावरात जाऊन येऊ काय? महालक्ष्म्या आल्या तोंडावर. झेंडू तोडाले आला, मानूस मियत नाही. तोडून, अमरावतीले मार्केटात घालून मी लगेच येतो, मंग आपन हिले आरामात घरी नेऊ.”

इथे नाही म्हणायचं होतं. ‘जाऊ नका’ एवढे दोनच शब्द, आणि त्यांत अशुभ ते काय होतं? पण ‘काहून?’ असं त्यांनी विचारलं असतं, आणि त्याचं उत्तर द्यावं लागलं असतं.

“या जाऊन,” अनुपमाबाई म्हणाल्या.

आत माणिकबाई खाटेवर पडलेली होती. डोळे हळदीसारखे पिवळे, हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढं वर आलेलं. तिने अनुपमाबाईंना पाहिलं आणि ओळखीचं हसू आणायचा प्रयत्न केला.

“टोपली नाही आनली बाई यंदा.”

“आणाल की पुढच्या महिन्यात.”

“झालं तुमचं सुरू.” ती थोडा वेळ श्वास गोळा करत पडली. “बाई, मले पक्कं सांगा. मले भेव नाही वाटत. महालक्ष्म्या माह्या हातानं बसवू द्या मले यावर्षी. नुसतं दारातून आत आनाले, हयदी-कुंकवाच्या पावलानं. मंग काई होवो. मले घरी न्या. याईले सांगा तुमी, तुमचं आयकतीन.”

तिची नजर सरळ होती. सकाळी तोडलेल्या फुलाला संध्याकाळी मेलंच म्हणणारी बाई ती. तिला खरं सांगण्यात धोका नव्हता, आणि हे अनुपमाबाईंना कळत होतं.

“बसवाल हो,” त्या तिच्या हातावर हात ठेवून म्हणाल्या. “थोडा वेळ लागेल, एवढंच.”

माणिकबाईने डोळे मिटले. “बत्तासा,” ती पुटपुटली.

औषधं घेऊन करिश्मा परत आली ती धापा टाकतच. तिने अनुपमाबाईंना खोलीबाहेर ओढलं. “बाबा म्हणाले, वेळ लागेल म्हणून. काकू, नेमके शब्द काय होते त्यांचे? मराठीत नका सांगू. इंग्रजीत, ते बोलले तसेच सांगा.”

आता पाहा. वास्तुपुरुषाला इंग्रजी येत नाही, हे अनुपमाबाईंचं स्वतःचं म्हणणं. त्या परक्या भाषेला दोष नाही. पोरगी त्यांच्यासमोर तीच वाट उघडी करून उभी होती, व्रत न मोडता, तोंड न विटाळता. जसं ऐकलं तसं म्हणायचं होतं, बाकीचं ती समजली असती. तिला दूध आणि गॅस दोन्ही माहीत होतं.

करिश्माच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं. कपाळावर टिकली नव्हती. अद्वैतच्या आजारात आरशात दिसायचा तोच चेहरा.

“इट विल टेक टाइम,” अनुपमाबाई म्हणाल्या.

“शुअर, काकू?”

“हो गं.”

पोरीने भिंतीला पाठ टेकली आणि खाली बसून हमसून हमसून रडली. आनंदाने. बऱ्याच दिवसांचं साठलेलं होतं. मग डोळे पुसून म्हणाली, “तुम्ही आलात म्हणून बरं झालं. मला वाटलं होतं, ते दुसरं वाक्य असेल.”

अनुपमाबाई परतीच्या बसमध्ये बसल्या तेव्हा त्यांच्या हातात जपमाळ होती, पण ती तशीच मुठीत राहिली.

घरी मोरोपंतांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मराठीत नाही जमलं, कबूल. इंग्रजीत का खोटं बोललीस?”

“मला वाटलं, मी म्हटलं नाही तर कदाचित...”

“तो कदाचित तुझा होता, अनुपमा. त्यांचा नव्हता.” आणि जरा मऊ होऊन, “अजूनही फोन कर. उत्तमरावांना बोलावून घ्यायला सांग. गाडी करा आणि घरी न्या म्हणावं.”

सकाळी देवपूजेआधी त्यांनी फोन लावला. करिश्मा पलीकडून जवळजवळ गातच होती. “काकू, आई दोन घास जेवली! मी तिला म्हटलं, आपल्याला वेळ आहे, घाई नको करू. बाबा पण खुशीत आहेत, झेंडू चांगला निघाला म्हणे. तुम्ही काही म्हणत होतात का?”

“नाही,” अनुपमाबाई म्हणाल्या. “सहज. काळजी घे.”

फोन ठेवून त्या देवासमोर बसल्या. काल माणिकबाईसाठी म्हणून त्यांनी आणखी एक नेम धरला होता, अनवाणी राहण्याचा. गार फरशीवर पाय ठेवताना त्यांना पहिल्यांदाच वाटलं की आपण देवाला फसवतोय. पण तो विचारही अशुभ, म्हणून त्यांनी तो पुरा होऊ दिला नाही.

माणिकबाई त्याच दुपारी गेली.

उत्तमराव तेव्हा वावरात होते, हात झेंडूच्या पिवळ्या रंगाने भरलेले. फोन आला तेव्हा म्हणे त्यांना पटलंच नाही. फोनवरच्या माणसालाच समजावत राहिले, “आवं, मास्तरीनबाईनं इचारलं हाय ना. वेळ लागन म्हने अजून.” ते अमरावतीला पोचेपर्यंत तिला पांढऱ्या कपड्यात बांधून झालं होतं. ती घरी गेली ती गाडीत आडवी. ज्या दारातून हळदी-कुंकवाच्या पावलांनी महालक्ष्म्या आत यायच्या त्या दारातून तिला बाहेर काढलं. घरात सुतक आलं, महालक्ष्म्या त्या वर्षी बसल्याच नाहीत. तोडलेला झेंडू पोत्यांत तसाच राहिला आणि आतल्या आत तापून काळा पडला.

अनुपमाबाईंच्या घरी महालक्ष्म्या बसल्या. सोळा भाज्या झाल्या, पुरण झालं, आंबील झाली. मुखवट्यांपुढे त्या हात जोडून उभ्या राहिल्या आणि त्यांना मागायला काही सुचलं नाही.

तेरवी झाल्यानंतर एका दुपारी करिश्मा आली. सामान न्यायला आली होती. मागच्या खोलीत ती गादी गुंडाळत होती, पुस्तकं पिशवीत भरत होती, आणि अनुपमाबाई चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. चहावर साय धरली तरी तिने कप घेतला नाही.

“कुठे राहशील?” त्यांनी विचारलं.

“होस्टेलवर जागा झाली.”

“बाबा कसे आहेत?”

“बसून राहते. बोलत नाही.” पुस्तकांवर दोरी आवळत ती म्हणाली. मग वर न बघता, “आईच्या दाखल्यासाठी मी दवाखान्यात गेली होती. डॉक्टर भेटले. मी त्याईले इचारलं, तुमी काकूले काय सांगतलं होतं?”

अनुपमाबाईंनी कप खाली ठेवला.

“त्याईनं सांगतलं. जसंच्या तसं. मले दूध आठवलं, काकू.”

“करिश्मा, माझ्या तोंडून...”

“मराठीत नोका सांगू म्हनलं होतं मी.” आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. “तुमचंच इंग्रजी मागितलं होतं. एक वाक्य. बाबा वावरात गेले नसते. आई घरी गेली असती. मेलीच असती, पन घरी मेली असती. मले म्हने, पोरी, महालक्ष्म्याईले उशीर होऊन राहिला, चाल ना. मी म्हनलं, आई, थांब ना, वेळ हाय. शेवटपर्यंत मी तिले थांब म्हनून राहिली.”

अनुपमाबाईंना पुष्कळ सांगायचं होतं. अद्वैतच्या तापाचं, ताम्हनातल्या पाण्याचं, आणि भीतीचं. पण त्यातलं एकही वाक्य असं नव्हतं ज्यात माणिकबाई कुठे होती. सगळ्यांत त्या स्वतःच होत्या.

ऑटो फाटकाशी उभा होता. करिश्माने गादी, पिशव्या त्यात ठेवल्या. परत उंबऱ्याशी आली, वाकून नमस्कार केला, कारण आईने तसं वळण लावून पाठवली होती. मग सरळ उभी राहून, अनुपमाबाईंच्या डोळ्यांत बघून म्हणाली, “जातो मी, काकू.”

पहिल्या सकाळी म्हणाली होती तशीच. पण तेव्हा तिला माहीत नव्हतं.

ती फाटकाबाहेर पडली. ऑटो सुरू झाला. ‘ये हो’ अनुपमाबाईंच्या तोंडून निघालं खरं, पण तोपर्यंत ऑटो कोपऱ्यावरून वळला होता.

त्या ओट्यावर बसून राहिल्या. ऊन भिंतीवरून उतरलं, वर्गातली मुलं आली आणि दार बंद पाहून कुजबुजत परत गेली. तिन्हीसांज झाली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या दिवा लावायला उठल्या नाहीत. अंधार पडलेला पाहून मोरोपंतच आत गेले. फडताळ उघडल्याचा, डबे सरकवल्याचा आवाज येत राहिला.

“अगं, वाती कुठे ठेवल्यास?” त्यांनी आतून विचारलं. “इथे संपल्यात वाटतं.”

वाढल्यात म्हणावं, संपल्यात म्हणू नये, हे त्या ऐकताच म्हणाल्या असत्या. आज त्या म्हणाल्या नाहीत. तुळशीपाशी अंधार होता आणि आत मोरोपंत डबे उघडून बघत होते.